क्रेटाला नवे टायर टाकले : हवा २८, ३३ की ४०?

वैदेही_संभाजीनगर

नमस्कार मंडळी. आमची २०१७ची क्रेटा डिझेल. कंपनीचे २०५/६५ आर १६ टायर पार गुळगुळीत झाले होते, म्हणून गेल्या आठवड्यात चारही बदलले. दुकानात त्या मापात आम्हाला हवे ते टायर नव्हते. दुकानदार म्हणाला, "मॅडम, २१५ टाका, गाडी रुबाबदार दिसते." नवऱ्याला 'रुबाबदार' एवढंच ऐकू आलं. तर आता गाडीला २१५/६५ आर १६ आहेत, म्हणजे दहा मिलिमीटरने रुंद. मापापुढे १०२ एच आणि एक्सएल असं लिहिलंय.

दुकानातून निघालो तेव्हा चारही चाकांत ४० हवा होती. जालना रोडवरच्या प्रत्येक उंचवट्यावर गाडी उडत होती, मागे बसलेल्या सासूबाईंनी दोनदा विचारलं की काही मोडलंय का. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "एक्सएल टायर आहे, बाजूला ५१ लिहिलंय बघा, ४० म्हणजे कमीच." सासरे उमेदीच्या काळात जीप चालवायचे, ते म्हणतात २८ ठेव, मऊ चालते. शेजारचे ३० म्हणतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढे-मागे ३३ आहे, पण तो आकडा जुन्या मापाचा. आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की समृद्धीवर जाताना २६च्या वर हवा ठेवूच नका, टायर फुटतो.

आम्हाला पंधरवड्यात माहेरी नागपूरला जायचंय. पाच माणसं, डिक्कीत बॅगा आणि आंब्याच्या पेट्या. सावंगीला समृद्धीवर चढायचं ते थेट नागपूर. मे महिना आहे, ऊन कसं आहे ते सांगायला नको.

एक विनंती. "मी इतकी ठेवतो, काही प्रॉब्लेम नाही" असं सांगू नका. असं सांगणारे घरातच चार आहेत. तोच आकडा का, ते सांगा.

पुणेरी_डिझेल

३५ ठेवा आणि नायट्रोजन भरा. मी ठेवतो, काही प्रॉब्लेम नाही.

जुना_क्लेमवाला

वैदेहीताई, तुम्ही 'का' विचारलंत म्हणून लांब लिहितो.

मी नाशिकचा. टायर कंपनीच्या सर्व्हिस खात्यात होतो, काम क्लेमचं. म्हणजे टायर फुटला, फुगा आला, अर्ध्या आयुष्यात टकला झाला की ग्राहक तो डीलरकडे आणून टाकणार, आणि मी तो आतून-बाहेरून बघून सांगणार की दोष मालाचा की वापराचा. त्यामुळे मला जिवंत टायरपेक्षा मेलेले टायर जास्त कळतात. मेलेला टायर खोटं बोलत नाही, त्याचा मालक बोलतो.

आधी ५१चं बघू. बाजूवर जे लिहिलेलं असतं ती टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीत किती भरायची याच्याशी तिचा काही संबंध नाही. तोच टायर पाच वेगळ्या गाड्यांना बसेल आणि पाचही गाड्यांचे स्टिकर वेगळे असतील. दुकानात ४० का होती याचं कारणही साधं आहे. नवा टायर रिमवर नीट चपखल बसावा म्हणून हवा जरा जास्त मारतात, आणि नंतर ती उतरवायचा कंटाळा करतात.

आता १०२ आणि एक्सएल. एक्सएल म्हणजे एक्स्ट्रा लोड, जादा भारासाठी बनवलेला टायर. गाडीचं वजन टायरचं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. १०२ हा भारांक आहे, म्हणजे एका टायरने जास्तीत जास्त ८५० किलो उचलावेत. तुमच्या जुन्या मापाला साधारणपणे ९५ भारांक येतो, त्याचे ६९० किलो. वाचून वाटतं की नवा टायर केवढा दणकट! पण साध्या टायरचा भारांक २.५ बार म्हणजे ३६ पीएसआयला (आपले २८, ३३, ४० हे आकडे पीएसआयचेच, बोलताना त्यालाच पौंड म्हणतात) मोजलेला असतो आणि एक्सएलचा २.९ बार म्हणजे ४२ला. हवा कमी केली की दोघांचीही ताकद उतरते, आणि एक्सएलचा आकडा आधीच चढ्या हवेवरचा असल्यामुळे त्याचा मोठेपणा बराचसा कागदावरच राहतो.

हे मोजायचं युरोपियन मानकातलं एक सूत्र आहे. ताकद हवेच्या ०.८ घाताच्या प्रमाणात बदलते. मी गणित करून देतो, तुम्ही फक्त आकडे बघा. तुमचा जुना टायर ३३ हवेवर सुमारे ६४० किलो उचलायचा. क्रेटा बनवणाऱ्यांनी तेवढं पुरेसं मानलं, म्हणून स्टिकरवर ३३ आलं. नव्या टायरने तेच ६४० उचलायला साधारण ३० हवा लागते. म्हणजे शेजाऱ्यांचा आकडा अगदी काठावर पास. सासऱ्यांच्या २८ला हाच टायर ६१५च्या आसपास येतो आणि व्हॉट्सअॅपच्या २६ला जेमतेम ५८०. एवढा रुंद, महागडा टायर टाकून जुन्यापेक्षा कमी ताकद! तुमच्या स्टिकरच्या ३३ला मात्र तो ७०० उचलतो. जुन्यापेक्षा किलोभर नव्हे, चांगले साठ किलो जास्त, प्रत्येक चाकामागे.

मग ३० का नको? कारण तो गणितातला किमान आकडा आहे. गाडीचं ब्रेकिंग, वळणावरचा तोल, स्टिअरिंगचा अंदाज हे सगळं कंपनीने ३३ धरून बसवलंय. शिवाय हवा महिन्याला साधारण एक पीएसआय आपोआप उतरते. आज ३० भरली की दोन महिन्यांत २८ होणार, आणि तोवर कोणी बघणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

रोजच्या शहरातल्या फिरण्याला ३३ ठेवा, चारही चाकांत. नागपूरला पाच माणसं, पेट्या आणि सलग शंभर-एकशेवीसचा वेग असेल तेव्हा ३५. (पुणेरी साहेबांचा आकडा बरोबर निघाला, पण कारण न देता, त्यामुळे अर्धेच मार्क.) काही गाड्यांच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा रकाना असतो. तो असेल तर माझं ऐकू नका, रकान्याचं ऐका. ४० ठेवलीत तर टायर लगेच फुटणार नाही, पण जमिनीला मधला पट्टाच टेकेल, तो आधी झिजेल, ओल्या रस्त्यावर गाडी उशिरा थांबेल आणि सासूबाई तिसऱ्यांदा विचारतील.

हे सगळे आकडे गार टायरचे. गार म्हणजे फ्रीजमधला नव्हे, गाडी तीनेक तास उभी असलेली, सावलीत. सकाळी उठून मोजा. दुपारी उन्हात तापलेल्या टायरमध्ये बरोब्बर ३३ भरून आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ३० सापडेल. वीस अंशांच्या फरकाला तीन पीएसआय जातात.

पंप घरापासून लांब असेल तर एक युक्ती आहे. घरी सकाळी मोजायचं. समजा २९ आहे आणि हवी ३३, तर चार कमी. मग पंपावर पोचल्यावर गरम टायर ३१ दाखवो की ३२, तिथे दिसेल त्यात चार मिळवायचे. यासाठी स्वतःचा गेज हवा. पंपावरच्या यंत्राचा पाइप दिवसभर जमिनीवर आपटत असतो, त्याच्या आकड्यावर मी तरी माझी पोरं बसवणार नाही. एकच गेज कायम वापरा. तो अर्ध्या पौंडाने चुकीचा असला तरी रोज सारखाच चुकेल.

नायट्रोजनबद्दल एकच वाक्य. आपण जी हवा फुकट भरतो तिच्यात ७८ टक्के तोच आहे. कोरडा असतो, किंचित हळू झिरपतो, कोणी फुकट देत असेल तर घ्या, पण त्याच्यासाठी साधी हवा भरायची टाळू नका. एकत्र झाल्याने काही बिघडत नाही.

आणि अजून एक. टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे बघून घ्या. एखाद्याचे आकडे आतल्या बाजूला गेले असतील, तर मोबाइल चाकाखाली धरून फोटो काढा.

वऱ्हाडी_स्टिअरिंग

काका, तुमचं गणित ठीक आहे, पण आम्ही अकोल्याकडचे लोक उन्हात गाड्या चालवतो. ४४ डिग्री, खाली सिमेंटचा रोड, टायर तापतो, आतली हवा फुगते, टायर फुटतो. साधं विज्ञान आहे. म्हणून आधीच चार-पाच पौंड कमी ठेवायची. समृद्धीवर इतके टायर फुटले ते उगीच का?

जुना_क्लेमवाला

वऱ्हाडीभाऊ, तुमच्या विज्ञानाची पहिली अर्धी बाजू बरोबर आहे. हवा तापते, दाब वाढतो. किती? सकाळी ३३ असलेला टायर तासभर हायवेवर चालला की ३७ किंवा ३८. गाडी बनवणाऱ्याने ही वाढ धरूनच गार हवेचा आकडा दिलेला असतो. धडधाकट टायर ४५ला फुटत नाही, त्याला कितीतरी पट दाब लागतो.

दुसरी अर्धी बाजू ही की टायर तापतो कशाने. उन्हाने थोडा, रस्त्याने थोडा, आणि सर्वात जास्त स्वतःच्या वाकण्याने. जमिनीला टेकताना बाजूची भिंत दबते, वर गेली की सरळ होते. वैदेहीताईंचा टायर एका फेरीत दोन मीटरच्या जरा वर जातो. एकशेवीसच्या वेगाला मिनिटाला नऊशेच्या वर फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत ती भिंत दबून सरळ होते. हवा कमी म्हणजे दबणं जास्त. लोखंडी तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती जागा चटका बसण्याइतकी तापते आणि शेवटी तुटते, तसंच. म्हणजे उष्णता कमी करायला तुम्ही हवा कमी करता आणि त्यानेच उष्णता वाढवता.

माझ्यासमोर असे टायर येऊन पडायचे. मालक सांगायचा, "साहेब, हवा जास्त होती, उन्हात फुटला." टायर आतून उघडला की अस्तरावर गोल फिरलेली काळी पट्टी, सुरकुत्या, आणि तळाशी रबराचा भुगा. हा भुगा हवा कमी असताना बराच वेळ पळालेल्या टायरमध्येच सापडतो. भिंत आतल्या आत घासून शिजलेली असते. शेवटी आवाज मोठा होतो म्हणून सगळ्यांना वाटतं हवा जास्त झाली.

सिमेंटचं म्हणाल तर भर दुपारी काळं डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. समृद्धीचा फरक वेगळा आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, कारला १२०ची मर्यादा, ना सिग्नल ना गाव. साध्या हायवेवर धाबा, टोल, ट्रॅक्टर, काही ना काही थांबवतं आणि टायर निवतो. इथे अडीच-तीन तास एका दमात जातात. त्यात जुना, गुळगुळीत, हवा उतरलेला टायर आणि छतापर्यंत सामान. मध्यंतरी आरटीओवाले प्रवेशाच्या ठिकाणी टायर बघून गाड्या परत पाठवत होते ते याच कारणाने. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. त्याच्या खाली असेल तर २६ भरा की ३६, घरी बसा.

वऱ्हाडी_स्टिअरिंग

भुग्याचं माहीत नव्हतं. पण मग गरम झाल्यावर ३८ दिसली तर सोडायची नाही का थोडी? आमच्याकडे सगळे ड्रायव्हर सोडतात.

जुना_क्लेमवाला

नाही सोडायची. गरम टायरमधून पाच पौंड सोडलेत की तो निवल्यावर २८वर येतो, आणि तुमचा परतीचा प्रवास त्या २८वर सुरू होतो.

उलट त्या वाढीचा उपयोग करा. सकाळी मोजा, तासभर हायवेला चालवा, लगेच पुन्हा मोजा. चारच्या आसपास वाढली तर भरलेला आकडा त्या वजनाला बरोबर. सात-आठ वाढली तर टायर जास्त वाकतोय, म्हणजे हवा कमी किंवा वजन जास्त. दोनच वाढली तर हवा गरजेपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियात वाळवंटात फिरणारे एसयूव्हीवाले ही पद्धत वापरतात. ढोबळ आहे, पण एखादा टायर बाकी तिघांपेक्षा फार वेगळा वागत असेल तर लगेच पकडता येतो. ज्या बाजूला ऊन लागतंय तिकडे एखाददुसरा जास्त दिसेल, त्याचा बाऊ करू नका.

सह्याद्री_भटक्या

थोडं विषयांतर. माझ्या गाडीत चाकांतले सेन्सर आकडे दाखवतात. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलो. वर गारवा, रात्रभर गाडी उभी, तरी सकाळी खालच्यापेक्षा आकडा जास्त! गारव्याने कमी व्हायला हवा होता ना? सेन्सर बिघडला का?

जुना_क्लेमवाला

सेन्सर ठीक आहे. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे बाहेरचीच हवा विरळ, त्यामुळे काही न करता दोनेक पीएसआय जास्त दिसतात. गारव्याने त्यातला काही भाग खाल्ला असेल. महाबळेश्वरसाठी काही करू नका. लेहला जाऊन राहणार असाल तर तिथे गार टायर मोजून पुन्हा लावा, आणि खाली उतरल्यावर परत भरायला विसरू नका.

इतरांसाठी एक गोष्ट. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, ब्रेकची एबीएस यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांवरून अंदाज घेते आणि आकडा न दाखवता फक्त दिवा लावते. अशा गाडीला नवे टायर टाकले की आधी गार असताना हवा बरोबर भरायची आणि मगच रीसेटचं बटण दाबायचं. ४० असताना दाबलंत तर ती बिचारी ४०लाच बरोबर समजून बसते.

वैदेही_संभाजीनगर

काका, तुमचा निरोप घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासरे म्हणाले, "जीपला २८च होती," आणि पेपर वाचायला लागले.

गेज घेतला. सकाळी चारही चाकांत ३३ केली. मग मुद्दाम समृद्धीवर चढून जालन्याच्या इंटरचेंजला उतरलो, थांबलो आणि लगेच मोजली. पुढे ३७, मागे डावीकडे ३६ आणि उजवीकडे ३७. तारखा पण बघितल्या, तीन टायर एकाच आठवड्याचे आणि एक त्याच्या आधीच्या वर्षातला. यावर दुकानदाराशी बोलू का?

गाडी आता उडत नाही. पण स्पीडोमीटरचा आणि मोबाइलचा वेग आता जवळजवळ सारखाच दिसतो, पूर्वी मोबाइल कमी दाखवायचा. आणि स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे, २०५. ती चालेल ना? तिच्यात किती भरू?

जुना_क्लेमवाला

वाढ चार आली, म्हणजे आकडा बसला. सामान भरल्यावर ३५ करून एकदा पुन्हा बघा.

मोबाइलचं बरोबर आहे. नवा टायर व्यासाने सुमारे दोन टक्के मोठा, म्हणून गाडी काट्यावर दिसते त्यापेक्षा पूर्वीच्या तुलनेत दोन टक्के जास्त पळते. समृद्धीवर वेगाचे कॅमेरे आहेत, तेव्हा काट्यावर १२० असताना आता तुमच्याकडे पूर्वीइतकी सूट उरलेली नाही. अॅव्हरेज काढतानाही हे दोन टक्के धरा, नाहीतर नवऱ्याला वाटेल रुबाबाने डिझेल खाल्लं.

एका टायरची तारीख वर्षभर जुनी असणं म्हणजे दोष नव्हे, गोदामात नीट ठेवलेला टायर तेवढ्याने खराब होत नाही. पण नवीन म्हणून पूर्ण पैसे घेतलेत, तर विचारायला काय हरकत आहे? बिल घेऊन जा. त्या टायरमध्ये काही दोष दिसत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बहुधा बदलून मिळणार नाही. तसं झालं तर दोन्ही मागच्या चाकांपैकी एकावर तो ठेवा आणि विसरून जा.

स्टेपनी चालेल, पण पंक्चरच्या दुकानापर्यंतच. ती बाकीच्यांपेक्षा लहान आहे, म्हणून ८०च्या वर नेऊ नका आणि शक्यतो पुढे लावू नका. तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढते. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं मोठं चाक पुढे आणि स्टेपनी मागे, अशी अदलाबदल करायची. उन्हात जॅक दोनदा लावावा लागेल, नवरा कुरकुर करेल, करू दे.

हवा तिच्यात ३८ भरून ठेवा. स्टेपनीकडे वर्षभर कोणी बघत नाही आणि ऐन वेळी ती २०वर सापडते. ३८ असली तर गरज लागल्यावर पाच सोडता येतात, रस्त्यात भरणार कुठून? नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी तिचाही गेज लावा. डिक्कीतल्या पेट्या ठेवण्याआधी.